दगड की गाठ

"पोटात दुखलं असतं तर मला बरं वाटलं असतं, बाई," डॉक्टर म्हणाले. माझ्या पापण्या खाली ओढून त्यांनी पिवळेपणा पाहिला आणि हात धुवायला वळले. "दुखणारी कावीळ बहुधा पित्ताच्या नळीत अडकलेल्या दगडाची असते. तुमची दुखत नाही."

मग कशाची, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. माझ्या नवऱ्याने विचारलं.

"स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ असू शकते. दगड असेल तर काढून टाकू. गाठ असेल तर आमच्या हातात फारसं काही नसतं. पोट उघडल्याशिवाय सांगता येणार नाही."

नागपुरात तेव्हा सोनोग्राफी आली नव्हती. माझ्या दुखण्याचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह जॉन्डिस, म्हणजे पित्ताची नळी तुंबून झालेली कावीळ. नळी कशाने तुंबली, हे मात्र चाकूच सांगणार होता.

सुरुवात खाजेने झाली होती. मे महिना, मला वाटलं घामोळं. तळपाय इतके खाजायचे की मी भांडी घासायच्या काथ्याने ते घासायची. मग लघवी काळ्या चहासारखी झाली आणि शौच पांढुरकं. असल्या गोष्टी सांगायच्या कुणाला, म्हणून गप्प राहिले. तुम्ही राहू नका. लाज वाटली तरी डॉक्टरांना सांगा. शेवटी अंगणात चहा पिताना ह्यांचंच लक्ष गेलं. "तुहे डोये पिवये दिसून राहिले वं," म्हणाले, आणि बशी खाली ठेवली.

मी मिशनच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला संघाबरोबर मी दर आठवड्याला याच दवाखान्यात आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला यायची. वय वाढतं तसा विश्वास लोणच्यासारखा मुरतो, असं मी संघात ठासून सांगायची. आता माझ्या बरणीचं झाकण उघडलं, तर आत नुसती भीती होती. परिचारिका रक्त नीट गोठावं म्हणून के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं द्यायला यायची, तेव्हा मी दंड मागे ओढून घ्यायची. "बाई, तुम्ही पण?" ती म्हणायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी महिला संघ आला. मनोरमा माझी जिवलग मैत्रीण, तिने प्रार्थना केली. मी डोळे मिटून ऐकत होते. तिने डॉक्टरांसाठी मागितलं, ह्यांच्यासाठी मागितलं, आणि मग म्हणाली, "बापा, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो."

माझे डोळे खाडकन उघडले.

ही आमच्यातली रीत आहे, कुणी शिकवत नाही. आशा असेपर्यंत आम्ही म्हणतो, याला बरं करून घरी आण. डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन आशा नाही असं सांगितलं की आमचे शब्द बदलतात आणि देवाची इच्छा पुढे येते. मी स्वतः कितीतरी खाटांशी असे शब्द बदलले होते. मनोरमाचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि गालावर पाणी होतं. म्हणजे गाठच. सगळ्यांना कळलंय, फक्त मलाच सांगितलेलं नाही.

त्या गेल्यावर मी प्रार्थना करायला गेले, तर सगळे शब्द पाठ केलेल्या धड्यासारखे ओठांवर आले आणि तिथेच थांबले. मला मरायचं नव्हतं. स्वर्गाबद्दल इतकं शिकवलेलं, पण मला तिथे जायचं नव्हतं.

संध्याकाळी हे डबा घेऊन आले. मी सरळ विचारलं, "डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं? खरं बोला."

"तुह्यासमोर सांगतलं तेच. पोट उघडल्यावर दिसन."

"मग मनोरमा तशी प्रार्थना का करून गेली?"

"कशी?"

मी सांगितलं. ह्यांना काही उमगलं नाही. आयुष्यभर चर्चच्या शेवटच्या बाकावर बसलेला, रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. मोठ्याने प्रार्थना अशी कधी केली नाही. चारचौघांत पाळी आली की खोकून पुढच्याकडे बोट दाखवायचे. यावरून मी त्यांना आयुष्यभर टोचलं होतं.

त्यांनी खाटेचा दांडा धरला. मग खाली मान घालून, शेजारच्या खाटेला ऐकू जाईल एवढ्याने बोलू लागले.

"बापा, इले घरी येऊ दे. तुही इच्छा काय हाय ते मले मालूम नाही. मले भेव लागून राहिला."

आमेनसुद्धा राहिलं.

"मलापण," मी म्हणाले. ह्यांना म्हणाले की देवाला, मलाही सांगता येणार नाही. पण त्या आजारात मनापासून केलेली माझी पहिली प्रार्थना तीच. भीती गेली नाही. सकाळी तोंडावर भूल द्यायचा मुखवटा आला, तेव्हाही माझे दात वाजत होते. पण ती देवापासून लपवायचं काम संपलं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा पोटातून रबरी नळी निघालेली होती. तिला टी-ट्यूब म्हणतात, साचलेलं पित्त तिच्यातून बाहेर येतं. डॉक्टर वाकून म्हणाले, "दगड होता, बाई." ह्यांनी तोंडाला रुमाल लावला आणि बाहेर निघून गेले.

मनोरमाला मी नंतर फैलावर घेतलं. ती रडायलाच लागली. "मले कोणी काही नाही सांगतलं वं. तुले तशी पिवयी पाहून मीच भेली, अन् तोंडात आलं ते बोलली."

त्या सर्जनचे हात देवाने दिलेले, असं मी आजही मानते. पण देवाने माझं ऐकलं, असं ओरडून सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्याच महिन्यात त्याच वॉर्डात माझ्यासारखीच पिवळी पडलेली एक बाई होती. तिच्या पोटात मात्र गाठ निघाली.

पुढच्या वर्षी मी पुन्हा वॉर्डात जाऊ लागले. नरखेडकडची एक बाई ऑपरेशनची वाट पाहत होती. मी तोंड उघडायच्या आतच तिने विचारलं, "बाई, तुमचंबी पोट फाडलं होतं म्हणते. तुमाले तं देवाचा आधार. तुमाले भेव नसन लागला."

"लागला होता," मी म्हणाले. "खूप. अजूनही लागतो."

इतकी वर्षं मी प्रत्येक खाटेशी उभ्यानेच प्रार्थना करत आले होते. तिने पाय आखडून घेतले आणि चादरीवर हात फिरवून मला जागा करून दिली.

"मग बसा ना बाई," ती म्हणाली.