एजंटचे सुविचार, मावशींची म्हण

भिवंडीतल्या टेमघरच्या खानावळवाल्या मावशींनी मला वाचवलं, हे आधी सांगतो, मग बाकीचं. आज सकाळी फोनवर कुणीतरी गुलाबाच्या चित्रासोबत सुविचार पाठवला आणि कामाला माणसं पाठवणारा तो एजंट आठवला. नववीत शाळा सोडून, घर लांब टाकून मी भिवंडीत गोदामात हमालीला लागलो होतो. तेव्हा हा एजंट रोज असेच सुविचार पाठवायचा आणि गुजरातेत दुप्पट पगाराचं काम आहे म्हणायचा. अट एकच, आधार आणि शाळेचा दाखला, दोन्ही ओरिजिनल, आधी त्याच्याकडे द्यायचे. मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “गोगलगाय न् पोटात पाय हाय तो.” मला उलट त्यांचाच संशय आला. गिऱ्हाईक तुटेल म्हणून बोलत असतील. मी म्हणालो, “तो किती चांगले विचार पाठवतो, तुम्ही नुसती म्हण मारता.” चुलीचा धूर डोळ्यांत जात होता, तरी त्या हसल्या. “आरं, सुविचार सगल्या गावाला वाटतात, म्हण एकाच्याच तोंडावर मारतात. इचार त्याला, कंपनीचं नाव काय?” मी तिथंच बसून विचारलं. उत्तर आलं, ‘संशय हा प्रगतीचा शत्रू आहे’, खाली उगवता सूर्य. पुन्हा विचारलं तर त्याने मला ब्लॉकच केलं. कागद माझ्या पेटीतच राहिले. मावशींनी त्या दिवशी गिऱ्हाईक राखलं की मला, हे अजून कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमतही होत नाही. पण कधीतरी माझं स्वतःचं घर झालं की त्यांना पाटावर बसवून गरम भाकरी मी वाढणार, आणि पोट भरेपर्यंत उठू देणार नाही.