फक्कीची रेघ

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. लिंबू-मिरची ओलांडून, प्रसंगी तुडवून जाणारी बाई आहे मी. सासूबाई म्हणतात, "हिला भूत दिसलं तर भूतच पळून जाईल." त्यामुळे खालचं वाचून कोणी मला अंगारे-धुपारे सुचवू नयेत, एवढीच विनंती.

मी धुळ्याची. सिव्हिल इंजिनिअर आहे, जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची कामं करते. दोनेक वर्षांपूर्वी अमळनेर तालुक्यात, बोरी नदीकाठच्या एका गावात जुन्या कोटाचं काम आलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. कोटाची भिंत जागोजागी फुगलेली, आणि बाहेरून तिला पाठ लावून घरांची रांग. सांडपाणी थेट भिंतीच्या पायात मुरत होतं. दोन पावसाळे गेले असते तर भिंत घरांवरच आली असती... म्हणजे कोट वाचवायचा तर घरं हलवायला हवीत, असं सरळ गणित. भिंतीपासून ठरलेल्या अंतरावर फक्कीची पांढरी रेघ मारायची, आतलं सगळं जाणार. रेघ मारायचं काम माझं.

रांगेत मधोमध सिंधूअक्कांचं घर. एकट्या राहतात, खापरावरचे मांडे करून विकतात. लग्नसराईत त्यांच्या चुलीला उसंत नसते. पर्यायी जागा मिळणार होती ती पार गावाबाहेर, हायवेपलीकडे. तिथे मांडे घ्यायला कोण जाणार? मला बघून त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, मनं घर ऱ्हाई का जाई, तेवढं खरं सांगा."

"जाईल," मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही. पण त्या दिवशी डबा उघडायची इच्छा होईना, हेही खरं.

फाल्गुन होता, भर दुपार. मी आणि आमचे मिस्त्री किसनभाऊ, दोघांनी दोरी ताणून रेघ मारली. सरळसोट, अक्कांच्या ओट्यावरून. मोबाइलवर फोटो काढला. मग समोरच्याच निंबाखाली जेवायला बसलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, वाराही नव्हता. हात धुऊन वळले तर... रेघ वळलेली!

रांगेतल्या पहिल्या दोन घरांपुढून सरळ. तिथून ती बोळातून भिंतीकडे आत गेलेली, अक्कांसकट बाकीची घरं बाहेर सोडून. पुढे पुन्हा बाहेर येऊन, अक्कांच्याच गोठ्याला आणि त्यामागच्या उकिरड्याला गोल वळसा घालून गेलेली. वळली तिथून पुढे जुन्या रेघेचा कणही नाही. ओट्यावर झाडल्याची खूण नाही, मातीत पाऊल नाही.

माझं डोकंच फिरलं. तरातरा अक्कांच्या दारात गेले आणि नको ते बोलले. अक्का चुलीपुढून उठल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेने माखलेले.

"हात देखा मना. फक्की शे का कोठे?" त्या म्हणाल्या. "आनि पुसानीच व्हती तं बठ्ठी, सारी रेघ पुसी टाकती ना! मना सोताना गोठा कसाले आत टाकती मी?"

किसनभाऊ तेवढ्यात हळूच म्हणाले, "मॅडम, चला ना आज घरी." मी त्यांच्यावरही खेकसले. फोटो उघडून पाहिला. फोटोत रेघ सरळ, जमिनीवर वाकडी! उन्हाचा त्रास म्हणावा तर दोघांना एकच त्रास कसा होईल?

मी हट्टी. ही रेघ खोटी आहे हे सिद्ध करायचंच म्हणून दुसऱ्या दिवशी ती जिथे वळली होती तिथेच चाचणी खड्डे घ्यायला लावले. उकिरड्याखाली घडीव दगड लागले, गोलाकार. एक अख्खा बुरूज गाडला गेला होता, कोणाच्या आठवणीतही नसलेला. आणि अक्कांच्या व आजूबाजूच्या घरांमागे जी भिंत दिसत होती ती नंतर कधीतरी घातलेलं ठिगळ निघाली. मूळ कोटाचा पाया तिथे बराच आतून गेला होता. मी टेप घेऊन बसले. मापं घेतली, पुन्हा घेतली. खऱ्या पायापासून ती वाकडी रेघ सगळीकडे अगदी ठरलेल्या अंतरावर होती. चुकीची होती ती माझी रेघ! मी दिसणाऱ्या भिंतीवरून मापलं होतं.

मग नकाशा बदलला. ठिगळ उतरवलं, मूळ पाया मोकळा करून त्याचे सांधे चुन्याने भरले, सांडपाण्याला पाइप टाकून ते नदीच्या बाजूला न नेता गावाच्या गटारीला जोडलं. बहुतेक घरं राहिली. रेघेच्या आतल्या त्या दोन घरांना मात्र हलावं लागलं, आणि त्यांना बाजाराजवळ जागा मिळावी म्हणून मी जे उंबरठे झिजवले ते माझं मला ठाऊक. गोठा अक्कांनी स्वतः मोकळा करून दिला. रांगेतली पोरं चुना मळायला, दगड बसवायला शिकली; आता कोणी कोटाचा दगड उचलायला गेला तर तीच अंगावर धावून जातात. मला तर ते ऐकून भरूनच आलं होतं.

पुढच्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्कांचं बोलावणं आलं. त्या दिवशी आमच्या खान्देशात पितरांच्या नावाने नव्या घागरी भरतात, वर खरबूज ठेवतात. अक्कांच्या देव्हाऱ्याजवळ मालकांची, सासू-सासऱ्यांची अशा घागरी मांडलेल्या. आणि मागच्या दाराशी, कोटाच्या बाजूला, एक वेगळीच.

"ही कोणाची हो?"

"रेघ मारनारानी."

"कोण होता तो, अक्का?"

"माले काय माहीत, माय! बाप्या का बाई तेबी माहीत नही. पन भर उन्हामा काम करं त्यानी. तहान लागनी नही व्हई का?"

वाचकांपैकी कोणाकडे काही शास्त्रीय कारण असेल तर जरूर कळवा. मला आणि किसनभाऊंना अजून सापडलेलं नाही. त्या दिवशी मी हसण्यावारी नेणार होते, पण जमलं नाही. बाकीच्या घागरी काठोकाठ भरलेल्या, ही एकटीच थोडी रिकामी होती. मी माठातून तांब्याभर पाणी घेतलं आणि तिच्यात ओतलं.