पद्मजाच्या परसातलं अळू

पद्मजा धारपला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला कुणीतरी टाकून दिलेली खिडकी उचलत होती. अमेरिकेतल्या या सिरॅक्यूज गावात बर्फ वितळायला लागलं की लोक तळघरं साफ करतात आणि नको झालेलं सामान घरासमोर आणून ठेवतात. मी माझ्या मुलाकडे, रवीकडे, नुकतीच राहायला आले होते आणि दुपारी पाय मोकळे करायला निघाले होते. समोर ही बाई. साडीवर जाड कोट, पायांत बर्फातले बूट आणि हातांत भली मोठी काचेची खिडकी. माझी साडी बघून ती थांबली.

“मावशी, मराठी ना? मग जरा दुसरं टोक धरा.”

मी धरलं. आमची ओळख झाली ती अशी, खिडकीच्या दोन टोकांना.

धारपांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत होतं. पद्मजाचे यजमान मोहन ज्या कारखान्यात होते तो आदल्या वर्षी बंद पडला होता. आता ते एका दुकानात थोडे तास काम करत. पद्मजा शाळेच्या कॅफेटेरियात मुलांना जेवण वाढायची. मुंबईत ती बँकेत होती. “तिथे काउंटरवर लोक नोटा मागायचे, इथे केचप मागतात,” ती म्हणायची, “दोन्हीकडे एकेकानेच या म्हणून सांगावं लागतं.”

खिडकी आम्ही तिच्या परसात नेली आणि मला तिथली अवस्था दिसली. आधीच्या मालकाने मागे पत्र्याचा पोहण्याचा तलाव उभा केला होता. तो कधीच फुटला होता. गंजका पत्रा वाकून पडला होता आणि आत वाळूचं एक मोठं गोल टक्कल. बाकी सगळीकडे काटेरी तण आणि मोडका झोपाळा.

“इथे सुनेत्राचं लग्न करायचंय,” पद्मजा म्हणाली.

सुनेत्रा त्यांची एकुलती एक मुलगी. जर्सी सिटीला नोकरी करायची, आणि तिथल्याच विनय नावाच्या मुलाशी तिचं ठरलं होतं. हॉल घेणं धारपांना झेपणारं नव्हतं आणि मुलीच्या पगारातून तिचंच लग्न करायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं. म्हणून पद्मजाने घरच्या परसाची कल्पना काढली. सुनेत्राला ती मुळीच पटली नव्हती.

“आई, इट्स अ डम्प,” ती फोनवर म्हणाली होती. शेवटी तिनेच तोडगा काढला. चार जुलैच्या सुट्टीत ती आणि विनय येतील. तोवर परस लोकांना बोलावण्याजोगं झालं असेल तर लग्न घरी. नाही तर दोघं कोर्टात जाऊन सह्या करतील आणि विषय संपला.

“सह्या,” पद्मजा मला म्हणाली. “मावशी, एकच मुलगी. तिच्या डोक्यावर अक्षता न टाकता मी सह्या बघत बसू?”

तिला अजून एक गोष्ट करायची होती. लग्नाच्या पंगतीला अळूची भाजी हवी होती, आणि तीही घरच्या अळूची. पोर्टो रिकन वाण्याच्या दुकानात तिला अळकुड्या मिळाल्या होत्या. त्या तिने तळघरात, बॉयलरच्या उबेला ठेवल्या होत्या आणि त्यांना कोंब आले होते.

एप्रिलभर ते घर मुंग्यांसारखं कामाला लागलं होतं. मोहनरावांनी तलावाचा पत्रा कापून भंगारात दिला. गावात एक जुनी शाळा पाडत होते, तिथल्या मुकादमाला विचारून ते गाडीच्या डिकीतून विटा आणायचे. एका खेपेला मागचे टायर इतके बसले की पोलिसाने थांबवलं. “काय नेताय?” “मुलीचा मांडव,” मोहनरावांनी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. पोलिसाला काय कळलं कोण जाणे, पण त्याने मागून दिवे लावून त्यांना घरापर्यंत पोचवलं.

वाळूच्या त्या गोलावर विटा बसल्या आणि तलावाचा खळगा चौथऱ्यासारखा दिसायला लागला. पद्मजा शाळेतून दुधाचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे आणायची. त्यात तिने झेंडू रुजवला होता. स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, जिन्यात, जिथे ऊन येईल तिथे डबे. मोहनराव म्हणायचे, “दाढी करताना मला आरशात झेंडू दिसतो.”

कुंपणापलीकडे मिसेस नोवाक राहायच्या. एकट्या, सत्तरीच्या पुढच्या, जन्मापासून याच गल्लीतल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी कुंपणावरून बजावलं होतं, “मेमोरियल डेच्या आधी काही बाहेर लावू नकोस, डिअर.” मेमोरियल डे म्हणजे मे महिन्याचा शेवटचा सोमवार. इथे सगळे बागवाले त्या दिवसाची वाट बघतात.

पण पद्मजाच्या डोक्यात दुसराच दिवस होता. तिच्या माहेरी, चिपळूणला, अक्षय्य तृतीयेला आळी खणून वेल लावत. त्या दिवशी लावलेलं मरत नाही, असं तिची आई सांगायची. आणि त्या वर्षी अक्षय्य तृतीया एप्रिलमध्येच आली.

“पद्मजा, इथली माती अजून गारठलेली आहे,” मी म्हटलं.

“मावशी, लग्न आपण कधी करतोय? सप्टेंबरातल्या लाँग वीकएंडला. तेही चातुर्मासात. का, तर लोकांना सुट्टी असते. मुलीला मुहूर्त नाही, निदान झाडांना तरी असू दे.”

हवाही तिच्याच बाजूची निघाली. आठवडाभर असं ऊन पडलं की लोक अर्ध्या चड्डीत फिरत होते. अक्षय्य तृतीयेला तिने पाटावर अळकुड्या मांडल्या, हळदकुंकू वाहिलं आणि सगळं बाहेर लावलं. झेंडू, दुधी, अळू. मिसेस नोवाक कुंपणापाशी उभ्या राहून मान हलवत होत्या, पण मोहनरावांनी दिलेला गोडाचा शिरा त्यांनी खाल्ला.

मे उजाडला आणि झाडं रुजली. अळूला हाताएवढी पानं आली. आणि एका सकाळी पद्मजाचा फोन आला. “मावशी, या.”

रात्री गोठवणारी थंडी पडून गेली होती. झेंडू उकडलेल्या भाजीसारखा लोळत होता. दुधीचा मागमूस नव्हता. अळूची पानं काळी पडून देठांवर लोंबत होती. पद्मजा विटांच्या चौथऱ्यावर बसली होती. शेजारी मोहनराव चहाचे कप घेऊन उभे.

“आईने सांगितलं होतं मरत नाही म्हणून,” ती म्हणाली.

“तुझ्या आईने चिपळूणची गॅरंटी दिली होती,” मोहनराव म्हणाले. “सिरॅक्यूजला लागू नाही.”

ती हसली, पण कप तसाच हातात धरून बसली. संध्याकाळी सुनेत्राचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. मोहनरावांनी सांगून टाकलं. मग फोन पद्मजाने घेतला. “कोर्टाचं बघू नकोस अजून,” ती म्हणाली. “चार जुलै म्हणालीस ना? मग चार जुलै.”

पुढचं मात्र तिच्या एकटीच्या बळावर झालं नाही. दुसऱ्या दिवशी मिसेस नोवाक हातगाडी ढकलत अंगणात आल्या. गाडीत फ्लॉक्सचे, लिलींचे, होस्टाचे गड्डे होते. इथल्या थंडीत जमिनीखाली झोपून दर वसंतात उठणारी झाडं. ती जुनी झाली की खणून फोडावी लागतात आणि फोडलेले तुकडे इथे शेजाऱ्यांत वाटतात. “यांना मारून दाखव,” त्या म्हणाल्या. “मला तीस वर्षांत जमलं नाही.”

फ्लॉक्स मला शाळेपासून माहीत. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हिवाळ्यात सिस्टर तो कुंड्यांत लावत आणि आम्हाला हात लावू देत नसत. आता मी गुडघे टेकून त्याचे गड्डे हातांनी लावत होते. रवीने बघितलं आणि माझ्यासाठी रबरी हातमोजे आणून दिले.

मिसेस नोवाकांच्या चर्चमधल्या बायकाही मग रोपं घेऊन आल्या. आपल्या मराठी मंडळींतली मृणालिनी गवताचं उरलेलं बी घेऊन आली. सापडलेल्या खिडकीचं मोहनरावांनी एका वाफ्यावर उबेसाठी झाकण केलं आणि त्याखाली पद्मजाने पुन्हा झेंडू पेरला. मेमोरियल डेला तो बाहेर लावला. या वेळी मिसेस नोवाकांनी परवानगी दिल्यावरच.

जूनमध्ये एका दुपारी पुन्हा फोन. “मावशी, आत्ता या. काही विचारू नका.”

मी घाईघाईने गेले. पद्मजा अळूच्या वाफ्याशी उकिडवी बसली होती. मातीतून हिरव्या, गुंडाळलेल्या सुरळ्या वर आल्या होत्या. एक नाही, वाफाभर. वरची पानं गेली होती, पण खाली अळकुड्या जिवंत होत्या.

“आईचं खोटं नव्हतं,” पद्मजा म्हणाली. “तिने फक्त पानांबद्दल काही सांगितलं नव्हतं.”

मिसेस नोवाक कुंपणावरून डोकावल्या. “एलिफंट इअर? छान. शोभेला लाव पुढे.”

“खायला आहे,” पद्मजा म्हणाली.

“ते विषारी असतं, डिअर.”

“चिंच घातली की नसतं.”

चार जुलैला सुनेत्रा आणि विनय आले. आम्ही सगळे काहीतरी काम असल्यासारखे अंगणात घुटमळत होतो. सुनेत्रा मागच्या दारातून बाहेर आली आणि पायरीवरच थांबली. नवं गवत कोवळं होतं. कुंपणाला लागून फ्लॉक्सला कळ्या आल्या होत्या, लिली फुलल्या होत्या आणि मधोमध विटांचा लाल गोल. ती चपला काढून विटांवर गेली, गोलाच्या कडेने एक फेरी मारली.

“इथे आम्ही उभे राहायचं?” विनयने विचारलं.

“तू तिकडे, ही इकडे, मध्ये अंतरपाट,” मोहनराव म्हणाले.

सुनेत्राने आईकडे पाहिलं. “आणि पार्किंगचं काय?”

पद्मजाने पदर तोंडाला लावला. इतक्या महिन्यांत तिच्या डोळ्यांत पाणी मी तेवढंच पाहिलं.

लग्न सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या लाँग वीकएंडला झालं. झेंडू ऐन भरात होता. माझ्या त्या दिवसाच्या रोजनिशीत मी लिहून ठेवलंय, ‘आकाश निरभ्र, भटजी उशिरा, अळू उत्तम.’ गाड्या चर्चच्या आवारात लागल्या होत्या. पंगतीत मिसेस नोवाकांनी अळूचा पहिला घास घेतला आणि जरा वेळ थांबल्या, बहुधा विष चढतंय का ते बघायला. मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

संध्याकाळी सुनेत्रा निघाली. गाडीत बसताना पद्मजाने तिच्या मांडीवर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक अळकुडी ठेवली.

“अपार्टमेंटमध्ये, आई?”

“कुंडीत लाव. थंडीत आत ठेव, आणि...”

“लावायची अक्षय्य तृतीयेला,” सुनेत्रा म्हणाली, “आणि बाल्कनीत काढायची मेमोरियल डेनंतर. आय नो, आई. सगळ्या गल्लीला माहीत आहे.”

कुंपणापलीकडून मिसेस नोवाकांनी हात हलवला. त्यांच्याही हातात वर्तमानपत्राची एक ओली पुडी होती.