कागदावर एकतीस

शाळेचा दाखला हातात आला की सिस्टर तो न वाचताच टेबलावर पालथा घालायच्या आणि समोरच्या बाईला म्हणायच्या, "हे झालं सरकारचं वय. आता तुझं सांग."

बारामतीतल्या त्या प्रसूतिगृहात मी रक्त-लघवी तपासायचो. सिस्टर मूळच्या लोणी भापकरच्या. वडिलांनी बौद्ध धर्म घेतला आणि पोरीला शाळेत घातलं. घराण्यात शाळेचं तोंड पाहिलेली ती पहिली मुलगी. तिची जन्मतारीखही मास्तरांनीच लावलेली, एक जून. आमच्याकडची निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. मास्तर पोराच्या तोंडाकडे बघून साल ठरवायचे आणि पुढे एक जून टाकून मोकळे व्हायचे. तुमच्याही घरात असा एखादा एक जूनवाला असेलच.

म्हणून सिस्टरांचा कागदावर विश्वास नव्हता. त्या वय काढायच्या ते बहात्तरच्या दुष्काळावरून, थोरल्या भावाच्या लग्नावरून, दुधाचे दात कधी पडले त्यावरून. बोलताना एका जागी थांबणं ठाऊक नाही. खिडकीपर्यंत जायच्या, परत यायच्या, कुणाचं सलाईन बघून यायच्या, आणि प्रश्न तिथूनच पुढे सुरू. चहा कपातच निवायचा. "सिस्टर, पायाला भिंगरी लागलीय तुमच्या," डॉक्टर म्हणायचे. मला तर त्यांच्याकडे बघूनच दम लागायचा.

नव्वदीची मधली वर्षं होती. इंदापूरकडच्या एका बागायतदार घरातल्या तिघी आल्या. सासू, थोरली सून आणि धाकटी सून. थोरलीची पाळी पस्तिशीच्या आतच बंद झाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज घेतलं तर हिच्या पोटी मूल राहू शकेल. तेव्हा याला कायदा नव्हता की छापील फॉर्म. पुण्याहून डॉक्टरांची हातानं लिहिलेली चिठ्ठी आली होती. देणारी तिशीच्या आतली हवी, तिला स्वतःचं मूल हवं, पाळी नियमित, घराण्यात फेफरं किंवा वेड नको, रक्त निर्दोष, नवऱ्याची सही. ही पहिली चाळणी आमच्याकडे करायची आणि बाई त्यात बसत असेल तरच पुण्याला पाठवायची.

सासूबाईंनी घरातल्या घरात प्रश्न सोडवला होता. "बाहेरचं कशाला? धाकटी हाय की. दोन पोरं झाली तिला, धडधाकट हाय. घरातलं बी घरातच राहील." धाकटीच्या नवऱ्याची सही तर त्या येतानाच घेऊन आल्या होत्या. थोरली कोपऱ्यात उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची.

धाकटीचा दाखला नेहमीप्रमाणे पालथा पडला.

"दुष्काळात केवढी होतीस गं?"

"ल्हानच. आई-बा खडी फोडायला जायचे. मला थोरल्या बहिणीसंगं शाळेत बसवलं, सुकडी मिळायची खायला म्हनून. मी बाकावरच मुतायचे, मास्तर वरडायचे."

"दात पडले होते का दुधाचे?"

"न्हाय. ते दुष्काळ सरल्यावर दोन वरसांनी."

सिस्टरांनी बोटं मोजली. "तेव्हा चार, म्हणजे आता अठ्ठावीस." बसली. रक्तदाब बसला, वजन बसलं, मी तपासलेलं रक्तही बसलं. सासूबाईंचा चेहरा उजळला. मग सिस्टरांनी सासूबाईंना आणि थोरलीला बाहेर बसवलं आणि दार लावलं. हे त्या चिठ्ठीत नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं होतं.

माझी जागा प्लायवूडच्या पलीकडे. कान लावायची गरजच नव्हती. आणि खोटं कशाला बोलू, लावलाच असता.

"तुला द्यायचंय का?"

सिस्टरांच्या चपला खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"बाई, माझंच पोर माझ्याच अंगनात खेळनार, तिला आई म्हननार आन् मला काकी," धाकटी एकदम बोलली. "मला न्हाय जमायचं. जाऊबाई लई चांगल्या हायती. पर मला न्हाय जमायचं. आन् तसं म्हनले तर घरात ऱ्हाता येनार न्हाय मला."

बराच वेळ चपलांचा आवाज आला नाही. मग दार उघडलं. सिस्टरांनी दाखला उलटा केला, सासूबाईंसमोर धरला आणि म्हणाल्या, "कागदावर एकतीस भरतंय, आत्या. बसत न्हाय."

मास्तरांनी घाईत धाकटीलाही तिच्या थोरल्या बहिणीचीच तारीख लावली होती.

"अवो, आत्ताच अठ्ठावीस म्हनालात की!" सासूबाई कडाडल्या. "कागदाला काय कळतंय?"

"पुण्याला कागदच बघत्यात."

ज्या बाईनं जन्मभर कागद खोटा ठरवला, तीच त्याच्या आडोशाला उभी होती. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

चार दिवसांनी थोरली एकटीच आली, भर दुपारी. सिस्टर इंजेक्शनाच्या सुया उकळत होत्या. ती सरळ म्हणाली, "धाकटीच न्हाय म्हनली ना?"

"कागदावर एकतीस हाय, बाई."

"ते मी घरी सांगतेच. कुनी इचारलं तर तेच सांगीन, तुमी काळजी करू नका. तिला काय कळू देऊ नका. तिला तुमी दार लावून इचारलंत. बरं केलंत. मला मातर कुनीच इचारलं न्हाय. सासूबाईंनी न्हाय, यांनी न्हाय, डॉक्टरांनी न्हाय. तुमीबी न्हाय."

सिस्टरांनी स्टोव्ह बंद केला. इतका पडलेला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "चुकले मी. आता इचारते. तुला पायजे होतं का?"

"लई पायजे होतं," थोरली म्हणाली आणि रडायला लागली. "पर असं तिला धरून आनून न्हाय."

सिस्टर तिला सोडायला स्टँडपर्यंत गेल्या. एसटीनं आलेले रक्ताचे नमुने घ्यायला मला तिकडेच जायचं होतं, म्हणून मागोमाग निघालो. इंदापूर गाडी लागली होती. सिस्टर खिडकीखाली उभ्या राहून काहीतरी सांगत होत्या आणि ती वरून मान हलवत होती. गाडी हलली तरी सिस्टर खिडकीची कड धरून दहा-बारा पावलं बरोबर चालल्या.

त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. परत येताना त्यांचे डोळे लाल होते आणि मी आपला पाऊसपाण्याच्या गोष्टी करत राहिलो. माझा मलाच राग आला, पण काय झालं ते विचारलं नाही.

सिस्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना मूल नव्हतं. ते त्यांना हवं होतं की नको, हे दवाखान्यात आम्ही कुणीही त्यांना कधी विचारलं नाही. शेजारी बारा वर्षं बसून मीही नाही.