कुत्र्यासाठी केलेले लाडू

माझ्या हातचे लाडू चांगले होतात असं आमच्या नात्यागोत्यात कुणीच म्हणत नाही, आणि त्यात कुणाची चूक नाही. मी लातूरला शाळेत शिकवते. सकाळी डबा भरून पळायचं, संध्याकाळी वह्या घेऊन बसायचं. दिवाळीचा फराळ मी दुकानातून आणते आणि कुणी विचारलं तर तोंड वर करून सांगते, "वेळ कुठं आहे हो?" हे इतक्यांदा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. कुत्र्यासाठी मात्र मी दर रविवारी स्वतः लाडू वळत होते. ते मी कुणाला सांगत नव्हते.

कुत्रं माझ्या लेकीचं. पुण्याला शिकत असताना तिनं ते पाळलं. मग हैदराबादला नोकरी लागली तशी "थोडेच दिवस सांभाळ गं आई" म्हणत माझ्या गळ्यात बांधून गेली. ते थोडे दिवस अजून चालूच आहेत. आधी मी कपाळाला हात लावला होता. आता शाळेतून आले की ते दारातच माझ्या पायावर डोकं टेकतं आणि माझी चिडचिड कुठल्या कुठं जाते. म्हातारं झालंय बिचारं, दात हलतात. बाजारची बिस्किटं त्याला पचेनात, तेव्हा लेकीनं व्हिडिओ कॉलवर मला हे लाडू शिकवले.

अगदी सोपं काम. ओट्स मिक्सरला फिरवायचे. शेंगदाणे भाजून, फोलपटं पाखडून, तेल सुटेपर्यंत वाटायचे. एक पिकलं केळ कुस्करायचं, चमचाभर दही घालायचं, सगळं मळून लिंबाएवढे गोळे वळायचे आणि फ्रीजमध्ये ठेवायचे. भट्टी नाही, पाक नाही, काही नाही. मीठ, साखर, गूळ घालायचा नाही आणि मनुका तर चुकूनसुद्धा नाही, ते कुत्र्यांना विषासारखं असतं, असं लेकीनं बजावलं होतं. तिनं सांगितलेलं मी कधी चुकवलं नाही. लेकीचा धाक आईपेक्षा मोठा असतो बघा.

गेल्या वर्षी माय माझ्याकडे आली. माय लोह्याला माझ्या भावाकडं असते. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन लातूरला करायचं ठरलं आणि मी मोठ्या ऐटीत भावाला म्हणाले, "राहू दे माझ्याकडं पंधरा दिवस. मी काय लेक नाही का तिची?" आल्याच्या दुसऱ्या दिवशी माय म्हणाली, "बाई, शेंगदाण्याचे लाडू खावे वाटायलेत गं. मऊ कर, मला चावत न्हाई." मी म्हणाले, "करते की." आणि शाळेतून येताना दुकानातून डिंकाचे लाडू आणले. ते दगडासारखे टणक. मायच्या तोंडात दात नाहीत. ती एक लाडू हातात धरून बराच वेळ चोखत बसली, मग पदरात गुंडाळून ठेवला. "ऱ्हाऊ दे, नंतर खाते," म्हणाली.

ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी लावून माय हॉलमध्ये दिवाणावर पडून असायची. रविवारी मी स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजायला घेतले. वास सुटला, मिक्सर फिरला, आणि माय भिंत धरत धरत ओट्यापाशी आली. चेहरा असा खुलला होता तिचा! "लाडू करायलीस का गं?" म्हणाली आणि तिनं तळहात पुढं केला, लहान लेकरू करतं तसा.

"अगं, नको नको," मी म्हणाले. "ते त्याचे आहेत."

"त्येचे म्हंजे कुनाचे?"

"कुत्र्याचे."

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं तो पदराला पुसला. हाताला काही लागलेलं नव्हतं. आणि हसून म्हणाली, "बरं हाय बाई. पुढल्या जन्मी म्या तुझ्या घरचं कुत्रंच होऊन येते बग." मीही हसले. खरंच हसले, चांगली खदखदून. हात पिठात होते, तसंच म्हणाले, "तुझे करते गं पुढच्या रविवारी." तिथल्या तिथं एक वाटीभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा मिक्सरला टाकला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. तेवढं मला सुचलं नाही.

तो पुढचा रविवार आलाच नाही. शनिवारीच वहिनी मायला न्यायला लोह्याहून एसटीनं आल्या. वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको. मायचं वर्षभराचं दुखणंखुपणं, औषधपाणी सगळं त्याच बघतात. बोलायला फटकळ आहेत. "लेकी चार दिवस लाड करतात आणि जातात, राबायचं सुनेनं," हे त्यांनी एकदा माझ्या तोंडावर सुनावलं होतं आणि मी महिनाभर फुगून बसले होते. येताना त्यांनी घरचं दही आणलं होतं. ते ठेवायला त्यांनी फ्रीज उघडला आणि समोरच स्टीलचा डबा. झाकण काढून बघितलं.

"अगं बया! वन्सं, लाडू? तुम्ही केले?"

खरं सांगितलं तर काय होईल ते मला डोळ्यासमोर दिसलं. मायला दुकानचे टणक आणि कुत्र्याला हातचे मऊ! ही गोष्ट वहिनींची परतीची एसटी वाटेत अहमदपूरला पोचायच्या आधी सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत गेली असती. तेवढ्यात माझ्या तोंडातून निघून गेलं, "मायसाठी केलेत. तिला चावत नाही ना, म्हणून मऊ केलेत."

बोलले आणि मायकडं बघितलं. ती दिवाणावर बसून सगळं ऐकत होती. डब्याच्या झाकणाचा आवाज ऐकून कुत्रंही आलं, वहिनींसमोर बसलं आणि त्यानं रीतसर पुढचा पाय उचलून हात दिला. तोंडातून लाळ गळत होती. "हाड!" वहिनी त्याच्यावर खेकसल्या. "म्हातारीच्या तोंडचा घास खायला आलं बघा!" आणि एक लाडू घेऊन त्यांनी मायच्या हातावर ठेवला. "घ्या आत्या. खा माझ्यासमोर. लेकीनं हातानं केलेत."

मायची पट्टी निघालेली होती. तिनं नव्या डोळ्यानं लाडू बघितला, मग मला बघितलं. एक शब्द बोलली असती तर संपलं होतं. मी खाली फरशीकडं बघत उभी राहिले. मी काहीही बोलले नाही, हे मी तुम्हाला सांगते, एवढी मोठी बाई, शाळेत पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवणारी.

मायनं लाडू तोंडात घातला. हिरड्यांनी हळूहळू चावला. "लई मऊ झालेत," म्हणाली. "पोरगी लई करती माझं." कुत्रं तिच्या तोंडाकडं बघत बसलं होतं.

वहिनींनी कोपरा मोडून चाखला. "गोड कमीच आहेत की हो."

"म्याच म्हनलं नगं म्हनून," माय पटकन म्हणाली. "डाक्टरनं गोड बंद सांगितलंय." डॉक्टरांनी असं काहीच सांगितलं नव्हतं.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाल्या, "वन्सं, राग मानू नका, मी तुमच्याबद्दल मनात उगीच वाईट धरलं. घरी ह्या नीट खातच नाहीत बघा. मला पण शिकवा ना हे लाडू." आता काय करता! हात दाखवून अवलक्षण. मी ओट्यापाशी उभी राहून त्यांना कुत्र्याचे लाडू शिकवले. लोह्यात ओट्स मिळतात की नाही, अशी त्यांना शंका आली, तर वर सल्लाही दिला, "ज्वारीचं पीठ भाजून घातलं तरी चालेल." असं बोलताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

एसटीत चढताना मायनं मागं वळून बघितलं. मला काहीतरी बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण वहिनी पिशव्या घेऊन मागंच उभ्या होत्या. माय म्हणाली, "जा बाई घरी. ते मुकं जनावर उपाशी असंल." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग लोह्यात लाडू सुरू झाले. वहिनींनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. ताटलीत गोळे मांडलेले आणि खाली लिहिलेलं, 'वन्संनी शिकवलेले आत्यांचे लाडू.' एका मावशीनं लिहिलं, लेक असावी तर अशी. माझ्या भोकरच्या आत्यानं तर कृती मागितली. मी फोन उशीखाली सारला आणि शाळेत गेले. तिथं कुणी माझं कौतुक केलं की मी विषय बदलायचे.

मायला फोन केला, "माय, नको खाऊ ते. नको म्हणून सांग."

"काय म्हनून सांगू?"

"आवडत नाही म्हण."

"लेकीच्या हातचे आवडले आन् तिच्या हातचे आवडत न्हाईत, असं म्हनू व्हय? काय वाटंल तिला?"

"मग गूळ तरी घालायला सांग."

माय हसली. "डाक्टरनं बंद सांगितलंय न्हवं का."

ती हसली आणि मला रडू आलं. पण वहिनींना खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. उद्या सांगू, परवा सांगू, पगार झाला की लोह्याला जाऊन समोरासमोर सांगू. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. मी तो गोटा मायच्या ताटात वाढला होता आणि ती रोज सकाळी चहासोबत तो खात होती. इकडे मी रविवारी लाडू वळायला बसले की हात चालेनात. कुत्र्याला दूधभाकरी घालायला लागले. त्या बिचाऱ्याचा काय दोष, ते आपलं फ्रीजपाशी जाऊन बसायचं.

एक दिवस वहिनींचा फोन आला. फटकळ बाईचा आवाज खाली आलेला. "वन्सं, आत्यांचं जेवण लई कमी झालंय. भाकरी अर्धीसुद्धा जात नाही. पण तुमचा लाडू दिला की नाही म्हणत नाहीत बघा. तेवढ्यावरच आहेत. म्हणून आता दोन-दोन देते."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं. कुणासाठी केले होते, मायनं हात कसा पुढं केला होता, मी काय म्हणाले होते. त्यांच्याकडं कुकरची शिट्टी झाली.

"वहिनी?"

"मी रोज देवाला नैवेद्य दाखवून देत होते हो," त्या म्हणाल्या. "चांगल्या मनानं करत होते मी."

"मला माहीत आहे. चूक माझी आहे. मला काय बोलायचं ते बोला."

त्यांनी एवढंच विचारलं, "आत्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग त्या कशाला खात होत्या?" याचं उत्तर त्यांनाही कळलं असणार, कारण माझी वाट न बघता त्या म्हणाल्या, "थांबा." पावलं वाजली. फोन स्पीकरवर ठेवल्याचा आवाज आला आणि वहिनी मायला काहीतरी हळू आवाजात सांगत होत्या.

मला वाटलं होतं, माय सुटेल. म्हणेल, बरं केलंस बाई, सुटले एकदाची. मी तेवढं ऐकायला अधीर झाले होते, खोटं कशाला बोलू.

"सांगितलंस?" मायचा आवाज चढला. जन्मात ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती. "कशाला सांगितलंस गं? झाकली मूठ होती, उघडायला कुनी सांगितलं तुला? चव लागत होती म्हनून खात होते का म्या? तुझं नाव ऱ्हावं म्हनून गिळत होते. आन् ही पोर रोज हातानं भरवायची मला, रोज इचारायची, आत्या, लेकीच्या हातासारखा झालाय का? आन् म्या हो म्हनायचे. आता हिला काय तोंड दावू म्या? मला हिच्याच घरी ऱ्हायाचं हाय."

मग रडू फुटलं तिला. मी "माय, माय" करत राहिले, पण ती माझ्याशी बोलतच नव्हती. ती वहिनींशी बोलत होती. "चुकलं गं बाई माझं," म्हणत होती. "तुला फसवलं म्या. राग धरू नगं." आणि वहिनी म्हणत होत्या, "आत्या, असं हात जोडू नका हो, नका जोडू."