कडू दुधी

गंगापूर रोडवर फिरायला येणाऱ्यांसाठी तो सकाळी दुधीच्या रसाची गाडी लावतो. नाव मी कधी विचारलं नाही. पेला आधी स्वतःच्या कपाळाला लावतो आणि मगच प्रसादासारखा पुढे करतो. आमचे बाबा त्याचे भक्त. बीपीची गोळी सोडून रोज त्याच्यासमोर उभे.

परवा पहिल्याच घोटाला बाबांचं तोंड वाकडं झालं.

"कडू लागतोय रे आज."

"काका, कडू तेवढा गुणकारी. डोळे मिटून घ्या."

बाबांनी खरंच डोळे मिटले. मी पेला हिसकावून रस्त्यावर ओतला. कडू दुधी विषारी असतो, म्हणून तर आई चिरण्याआधी एक फोड चाखून बघते.

"तुमच्या घरी चाखत नाहीत का?" मी ओरडले.

"चाखतात ना ताई," तो शांतपणे म्हणाला. "कडू निघाला तर बायको भाजीला नाय घेत. मग मी इकडं आणतो. एवढं औषध वाया कशाला घालवायचं?"

लबाड असता तर परवडलं असतं. मी पुढं काही बोलणार, तोवर त्याच भांड्यातला पेला घेऊन मागच्या आजोबांनी डोळे मिटले होते.