डबा संपवण्याची शर्यत

आमच्या पाळणाघराचं नाव झालं होतं ते एकाच गोष्टीमुळे. आमच्याकडून डबा रिकामा जायचा. बोईसरमध्ये पाळणाघर चांगलं की वाईट, हे आया संध्याकाळी डब्याचं झाकण उघडून ठरवतात. भिंतीवर चित्रं किती, बाई किती शिकलेली, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. त्यांचं अगदीच चुकतं असंही मला म्हणवत नाही. सकाळी सहाच्या आत घर सोडून दिवसभर कंपनीत उभ्याने गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या बाईला आपलं लेकरू दिवसभर कसं होतं, हे दुसरं सांगणार तरी कोण?

तर आम्ही डबे रिकामे करत होतो. मी आणि उमरोळीहून रोज येणारी मदतनीस, जिला सगळी पोरं मावशी म्हणतात आणि आता मीही म्हणते. पंधरा पोरं भिंतीला पाठ लावून ओळीने बसवायची. एका टोकाने मी सुरुवात करायची, दुसऱ्या टोकाने मावशी. घास भरवला की पुढचं पोर, पुन्हा घास, पुन्हा पुढचं. कुणी तोंड मिटलं तर गाल दाबायचे. वीस मिनिटांत पंधरा डबे लख्ख. कुणाचा आधी संपतो यावर आमची दोघींची शर्यतही लागायची. आज सांगायला लाज वाटते, पण मला त्याचा अभिमान होता.

संक्रांतीनंतर एक मुलगी आली. अडीच वर्षांची, काटकुळी, डोळे टपोरे. तिची आई जव्हारपलीकडच्या एका पाड्यावरची, वय फार तर बावीस. नवरा कामासाठी गुजरातेत. घरात महिन्याचा पगार आणणारी ती पहिलीच, आणि कंपनीत नुकतीच लागलेली. मुलगी आमच्याकडे खेळायची, झोपायची, पण जेवायची वेळ झाली की दातखीळ बसल्यासारखी गप्प. जबरदस्तीने घास आत गेला की सगळं ओकून टाकायची. एकदा तर तिने माझं बोट असं चावलं की रक्त आलं. माझा हात वर गेला होता. मी तापट आहे, हे माझ्या घरच्यांना विचारा. कसाबसा तो खाली घेतला.

तीन आठवड्यांनी तिची आई दारात उभी राहून म्हणाली, "बाई, पोर सुकत चाललीय. होळीच्या आधी माझी आय येनार हाय. तिच्यासंगं धाडून देते गावाला."

"आणि तू?"

"मी हितंच. नोकरी सोडून कशी चालंल? सनावाराला भेटंल ना पोर."

ती रडली नाही. शेजारणीचं काही सांगावं तशी बोलली आणि पोरीला काखोटीला मारून गेली. मला मात्र रात्रभर अपराध्यासारखं वाटत राहिलं. अडीच वर्षांची पोर आईपासून तुटणार, आणि का, तर आमच्याकडे तिचा डबा संपत नाही!

मार्ग काही माझ्या डोक्यातून निघाला नाही. पोरं झोपली की मावशी घरून आणलेले वाल सोलत बसते. भिजवून मोड आणलेले वाल. चिमटीत दाबले की साल मागे राहते आणि दाणा सटकून बाहेर येतो. एका दुपारी ही पोरगी न झोपता मावशीजवळ जाऊन बसली. एक वाल उचलला, दाबला, आणि दाणा उडून थेट कपाटाखाली गेला. ती खुदकन हसली. आमच्याकडे पहिल्यांदाच. मग दुसरा, तिसरा. अर्धा तास जागची हलली नाही. शेवटी सालं एकीकडे, दाणे वाटीत, मावशीसारखंच. मावशीने त्या वाटीभर डाळिंब्या मीठ घालून शिजवल्या आणि गार करून तिच्यापुढे ठेवल्या. तिने एकेक दाणा चिमटीत धरून खाल्ला. सगळी वाटी.

मी बघत राहिले. पोरीला हात होते, आणि आम्ही महिनाभर तिच्या तोंडाच्या मागे लागलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी फर्मान काढलं. आजपासून प्रत्येकाला आपली ताटली, डब्यातलं त्याने स्वतः वाढून घ्यायचं, आणि भरवायचं कुणी नाही. मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, लादी कोन पुसंल? तुमी?"

"मी पुसेन."

आणि पुसली. पहिला आठवडा वरण गुडघ्यापर्यंत होतं म्हटलं तरी चालेल. पण पोरं जेवताना बोलायला लागली. कोण भात जास्त घेतो, कुणाच्या ताटलीत किती वाटाणे, यावर वाद सुरू झाले, आणि वाद मिटवायला वाटाणे मोजणं आलं. चार वर्षांचा एक पठ्ठ्या सगळ्यांना पाणी ओतून द्यायला लागला आणि थेंब सांडला नाही की स्वतःच टाळ्या वाजवायचा. भिंतीवरचे आकड्यांचे तक्ते वर्षभर जे करू शकले नव्हते, ते या ताटल्यांनी पंधरा दिवसांत केलं.

डबे मात्र अर्धे परत जायला लागले, आणि बोंबाबोंब झाली. "मॅडम, डब्बा वापस कैसे आया?" एका बापाने चारचौघांत विचारलं. दोन पोरं स्टेशनजवळच्या दुसऱ्या पाळणाघरात गेली. एक आई म्हणाली, बाई आता आळशी झाल्या. हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

सुट्टीच्या दिवशी मी सगळ्या पालकांना बोलावलं. भाषण ऐकायचं म्हणून आले बिचारे. मी त्यांना भिंतीला पाठ लावून ओळीने बसवलं आणि मावशीला म्हटलं, चल. घास, पुढचा माणूस, घास, पुढचा. तोच डब्ब्यावाला बाप, कंपनीतला सुपरवायझर, अगदी पहिला बसला होता. त्याच्या तोंडात वरणभाताचे चार घास मी लागोपाठ कोंबले. पाचव्याला त्याने हात आडवा धरला. "अरे मॅडम, निगलने तो दो!"

"तुमचा मुलगाही तेच म्हणत होता," मी म्हटलं. "त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो तोंड मिटायचा."

आधी मावशी हसली, मग सगळी ओळ. सुपरवायझरही तोंड पुसत हसला. गेलेल्या दोनपैकी एक पोर पुढच्याच आठवड्यात परत आलं. त्या दिवशी मी बोईसर जिंकलं होतं, निदान आमच्या गल्लीपुरतं तरी.

पण खरी परीक्षा व्हायची होती. होळीला चार दिवस उरले असताना भर जेवणाच्या वेळी त्या पोरीची आजी दारात आली. तिच्यासोबत अर्धी सुट्टी काढून आलेली आई. आजीच्या खांद्याला रिकामी पिशवी, पोरीचे कपडे भरून न्यायला. ती सरळ नातीजवळ जाऊन बसली, तिच्या ताटलीतला भात कालवला आणि घास तिच्या तोंडाशी नेला. माझं ताठ बोलणं, माझं जिंकणं, सगळं त्या घासावर येऊन थांबलं होतं.

पोरीने आजीचा हात धरला आणि हळूच बाजूला केला. "मी," म्हणाली. आणि खाली वाकून आपल्या हाताने जेवू लागली. नाकाला भात, हनुवटीला वरण, पण थांबेना.

आजीने हात पदराला पुसला. खांद्यावरच्या रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग लेकीकडे वळून म्हणाली, "पोर जेवते हाय. मंग मी नेऊन काय करू? सनाला दोगी या, दोगी परत जा."

मावशी माझ्याकडे बघून हसत होती. मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. पोरीची आई भिंतीला टेकली आणि इतके दिवस न रडलेली ती बाई तोंडाला ओढणी लावून हुंदके देऊन रडायला लागली. पोरीने मान वर करून एकदा आईकडे पाहिलं, आणि आपल्या डब्यातून स्वतःच आणखी भात वाढून घेतला.